त्वचारोगाची ओपीडी बंद करून आम्ही जायचं कुठे? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. आयुक्त, आरोग्य सेवा

विषय : जिल्हा रुग्णालयांतली त्वचारोग सेवा आणि सोरायसिसच्या रुग्णांची आबाळ

महोदय,

आमच्या जिल्हा रुग्णालयातली त्वचारोगाची ओपीडी बंद झाली. कंत्राटी डॉक्टरांची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि दारावर ‘पुढील आदेशापर्यंत बंद’ असा कागद लागला. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं की शेजारच्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजला जायला सांगतात. तिथली ओपीडी सकाळची. आमच्या गावची पहिली एसटी तिथे पोचेपर्यंत केसपेपर देणं बंद व्हायची वेळ झालेली असते. जिल्ह्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका रुग्णालयाला किंवा तिथल्या माणसांना बोल लावण्यासाठी हे पत्र नाही. खिडकीवरच्या ताईंच्या हातात काही नसतं हे मला कळतं. पद भरणं, डॉक्टर पाठवणं, औषधं पुरवणं तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहिते. आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण अर्ज देऊन झाला. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. सोरायसिस मला लग्नाआधीपासून आहे. कोपर, गुडघे, डोकं आणि थंडीत तळहात. माझं पोट बोटांवर आहे. तळहात फुटले की भेगांच्या कडा कडक होतात आणि सिल्कचा धागा त्यांत अडकून ओढला जातो. गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाऊजपीसचा एक धागा सुटला की ते कापड गेलं, वर भरपाई आलीच. म्हणून हात फुटलेले असतात तेव्हा मी फक्त सुती काम घेते, आणि सुती ब्लाऊजला शिलाई किती मिळते हे तुमच्या घरातल्या बायकांना ठाऊक असेल. कोपर मशीनच्या पाट्यावर घासतं, आणि जिथे घासतं तिथेच नवा चट्टा उठतो. या आजाराचा तो स्वभावच आहे. डोक्यातले पापुद्रे काळ्या अस्तरावर पडतात. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

त्या ओपीडीमुळे हे सगळं ताब्यात आलं होतं. तिथल्या डॉक्टर मॅडम खिडकीजवळच्या उजेडात बसवून तपासायच्या. केसांत जागोजाग भांग पाडून बघायच्या, पायातल्या चपला काढायला लावायच्या, मग दोन्ही हातांची नखं एकेक करून बघायच्या. माझ्या नखांवर अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे आहेत. तोवर इतक्या डॉक्टरांनी मला मलम लिहून दिलं, नखं कुणी बघितली नव्हती. “सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? किती वेळ?” असं त्यांनी विचारलं तेव्हा या प्रश्नाचा त्वचेशी काय संबंध हे मला उमगलं नाही. संबंध आहे. सोरायसिस असलेल्या काही जणांचे सांधेही धरतात, आणि ते वेळेत ओळखलं नाही तर सांध्यांची झीज कायमची होते. शिवणारीची बोटं वाकली तर तिने काय करायचं?

हा आजार काय आहे हे तुमच्या खात्याला सांगायची गरज नाही, पण पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. सोरायसिस संसर्गाने होत नाही. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने तो लागत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीत बिघाड होतो आणि त्वचेच्या ज्या पेशी बदलायला एरवी साधारण महिना लागतो, त्या काही दिवसांतच तयार होऊन एकावर एक साचतात. तेच ते खवले. तो अंगात असण्याला काही अंशी आनुवंशिकता असते. तो उसळायला घशाचा संसर्ग, मानसिक ताण, दारू, सिगारेट, काही औषधं अशी निमित्तं पुरतात. ‘रक्त खराब झालंय’, ‘उष्णता आहे’, ‘वांगं-मासळी बंद करा’ हे मी आयुष्यभर ऐकलं. तो मुळापासून जात नाही, पण योग्य उपचारांनी त्वचा जवळजवळ स्वच्छ ठेवता येते आणि ती तशी ठेवायला वर्षानुवर्षं एकाच जाणत्या डॉक्टरची नजर लागते. मधुमेहाच्या रुग्णाला आपण ‘एकदा औषध घेऊन जा’ म्हणत नाही. आम्हाला म्हणतो.

आणि आम्ही थोडेथोडके नाही. भारतात झालेल्या पाहण्यांमधून सोरायसिसचं प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के असं सांगितलं जातं. त्यातला सर्वात लहान आकडा धरला आणि २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली, तरी पाच लाखांच्या आसपास माणसं होतात. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला. दीर्घकाळ चालणारा, वेदनादायी, माणसाला अपंग करू शकणारा असंसर्गजन्य आजार म्हणून त्याची नोंद घेतली. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर अहवाल काढला. तुमच्या खात्याची असंसर्गजन्य आजारांची मोहीम गावोगाव फिरते, तीस वर्षांवरच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासते, तोंडाचा कर्करोग बघते. त्या फॉर्मवर आमच्यासाठी एक ओळ नाही.

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

सगळ्यात मोठी तक्रार औषधांची आहे, आणि ती ओपीडी बंद होण्याच्या आधीपासूनची आहे. मॅडमनी मला मेथोट्रेक्सेट, म्हणजे बिघडलेली प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, सुरू केलं होतं. गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मॅडम प्रत्येकाला वार ठरवून द्यायच्या, केसपेपरवर तो वार मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली रेघ मारायच्या आणि आपल्याकडून म्हणून घ्यायच्या. माझा गुरुवार. इतर दिवशी फॉलिक ॲसिड. सुरू करण्याआधी रक्त, लिव्हर, छातीचा फोटो. नंतर ठरावीक काळाने पुन्हा रक्त आणि लिव्हर. दारू नाही. दिवस राहिलेल्या किंवा राहू इच्छिणाऱ्या बाईला ही गोळी द्यायची नाही, म्हणून प्रत्येक तरुण मुलीला त्या बाजूला घेऊन विचारायच्या.

रुग्णालयाच्या औषध खिडकीवर ही गोळी कधी असायची, कधी नसायची. नसली की ‘बाहेरून घ्या’. ओपीडी बंद झाल्यावर तर सगळेच बाहेर. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणल्या. दुकानातल्या मुलाने पाकिटावर ‘रोज १’ लिहून दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या नातवाने वाचून दाखवलं तसं त्यांनी केलं. तोंड आतून सगळं सोललं, ताप आला, पाणी गिळवेना. दवाखान्यात नेलं तेव्हा पांढऱ्या पेशी खाली आलेल्या होत्या. वाचल्या त्या, पण ती चूक करण्याची वेळ त्यांच्यावर आली कारण त्यांना वार सांगणारं माणूस त्या दारामागे उरलं नव्हतं. महोदय, १५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तो निर्णय चांगला होता आणि आम्ही त्याचं मनापासून स्वागत केलं. पण जो उपचार तिथे मिळतच नाही, तो मोफत असून माझ्या काय कामाचा?

डॉक्टर नसले की ती जागा रिकामी राहत नाही, हे दुसरं. बाजारच्या दिवशी गावात ‘सात दिवसांत गुण’ सांगणारे येतात. पुडीत काय आहे ते सांगत नाहीत. काही दवाखान्यांत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. आठवड्यात अंग साफ होतं, माणूस हात जोडतो, आणि औषधाचा अंमल उतरला की आजार आधीपेक्षा जोरात उसळतो. कधी अंगभर पू भरलेले बारीक फोड येतात, कधी डोक्यापासून पायापर्यंत कातडी लाल होऊन सोलते आणि माणसाला दाखल करावं लागतं. मलमांचंही तेच. क्लोबेटासोल हे जोरकस स्टिरॉइड, त्यात बुरशीचं औषध, त्यात अँटिबायोटिक, अशी एकत्र ट्यूब गजकर्णालाही देतात, इसबालाही आणि सोरायसिसलाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली स्टिरॉइड मलम उपयोगाचं असतं, मीही वापरलं आहे. पण किती दिवस, कुठे, किती पातळ, आणि थांबवायचं कसं, हे सांगावं लागतं. मांडीवर, काखेत महिनोन्महिने चोळलं तर कातडी कागदासारखी पातळ होते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्या बाजारपेठेत कुठल्याही दुकानात जाऊन मागा, चिठ्ठी विचारली तर मला कळवा. अन्न व औषध प्रशासन तुमच्या खात्यात येत नाही हे मला माहीत आहे. मंत्रिमंडळ एकच आहे.

जाहिरातींचं तसंच. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याला आजारांची यादी जोडलेली आहे, त्यात कुष्ठरोग आहे, कोड आहे, सोरायसिस नाही. म्हणून ‘मुळासकट बरा’ असं भिंतीवर रंगवणाऱ्याला फावतं. यादी बदलणं केंद्राचं काम, पण राज्याने तसं लिहून पाठवायला कुणाची आडकाठी आहे?

तिसरं सांगताना मला जपून बोलायचं आहे. दरवर्षी आशाताई कुष्ठरोग शोध मोहिमेत घरी येतात. अंगावर चट्टा आहे का विचारतात, दाखवला की तो बधिर आहे का ते बघतात. मोहीम मोलाची आहे, कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि लवकर सापडला तर हातपाय वाचतात. पण माझा चट्टा बधिर नाही, तर मला खाज येते, मला टोचलेलं कळतं. मग वहीत ‘संशयित नाही’ अशी नोंद होते आणि आशाताई पुढच्या घरी जातात. पुढचं घर दारातून सगळं बघत असतं. “तिला चट्टे आहेत, सरकारी माणसं बघून गेली” एवढंच गल्लीत उरतं. कुष्ठरोग असलेल्या माणसालाही कुणी दूर लोटू नये, तेही चूकच. पण एवढं दार वाजवून आलेली यंत्रणा मला जाताना ‘हा सोरायसिस असू शकतो, लागट नाही, अमुक वारी अमुक ठिकाणी दाखवा’ अशी एक चिठ्ठी का देत नाही? खर्च शून्य. आमच्या ओळखीच्या एका मुलीला लग्नाच्या बैठकीत कोपर दाखवायला लावलं होतं. त्या घरात कुणाकडे अशी छापील चिठ्ठी असती तर निदान बोलायला आधार मिळाला असता.

प्रकाश उपचारांबद्दल थोडक्यात. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे मशीनमधून त्वचेवर सोडलेली ३११ नॅनोमीटरची अतिनील किरणं, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. पोटात औषध जात नाही, गरोदर बाईलाही देता येतात. आमच्या जिल्ह्यात हे सरकारी मशीन नाही. खासगीत मोठ्या शहरात आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तिकडे जायचं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाने काम सोडायचं.

ई-संजीवनीचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर डॉक्टरला दाखवण्याच्या सरकारी सेवेचा, पर्याय सुचवला जातो. मी वापरून बघितला. समोरचे डॉक्टर सभ्य होते, घाई केली नाही. पण आरोग्य केंद्राच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली माझ्या रंगाच्या त्वचेवरचा चट्टा कॅमेऱ्यात नुसता करडा डाग दिसतो. पुस्तकातल्या चित्रांत सोरायसिस गोऱ्या कातडीवर गुलाबी असतो, आमच्या अंगावर तो जांभळट, तपकिरी, राखाडी दिसतो. डोक्यातलं फोनवर दाखवता येत नाही, सांधा फोनवर दाबून बघता येत नाही. आधी एकदा प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाच्या पुढच्या विचारपुशीसाठी ही सोय छान आहे. पहिली तपासणी तिच्यावर ढकलू नका.

पाण्याचाही विचार करा, कुणी करत नाही. ‘आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, रोज, सगळीकडे’ हा सल्ला बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकर येतो तेव्हा घरातल्या बाईची आंघोळ सगळ्यांच्या शेवटी असते. आणि अंगभर लावायचं म्हटलं तर दुकानातली छोटी बाटली आठवडाभरही पुरत नाही. बरेच जण शेवटी खोबरेल तेलावर भागवतात. साधं पॅराफिनचं मलम मोठ्या डब्यात सरकारी खिडकीवर मिळालं तर निम्म्या लोकांची निम्मी खाज कमी होईल, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

ज्यांचं अंग गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही, ज्यांचे सांधे धरलेत, त्यांच्यासाठी आता बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीतला नेमका बिघाड रोखणारी औषधं, आहेत. टीबीची तपासणी करून ती देतात आणि त्यांनी माणसं पुन्हा कामाला लागतात. किंमत ऐकून लोक उठून येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, आणि आमचा आजार आयुष्यभर ओपीडीत चालतो. त्यामुळे कार्ड घरात असून उपयोग नाही.

यावर माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञाचं पद कायम स्वरूपाने भरा. भरेपर्यंत जवळच्या शासकीय मेडिकल कॉलेजमधून आठवड्यातून एक ठरलेला वार तज्ज्ञ पाठवा, उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक. वैद्यकीय शिक्षण हे वेगळं खातं आहे ही सबब आम्हाला सांगू नका. ते तुम्ही आपसात बसून सोडवा. डॉक्टर रजेवर असतील तर आदल्या दिवशी कळेल अशी सोय करा, म्हणजे माणसाचा खाडा वाचेल.

मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड आणि कोलटारची मलमं, कॅल्सिपोट्रिऑल आणि साधं पॅराफिन जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत कायम ठेवा. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एका वेळी पुढच्या तपासणीपर्यंतची औषधं द्या आणि रक्ततपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ द्या. मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ असा मराठी शिक्का आणि वाराची जागा सक्तीची करा. ही मागणी उद्या पूर्ण होऊ शकते, तिला निधी लागत नाही.

प्रत्येक जिल्ह्यात नॅरोबँड यूव्हीबीचं एक मशीन द्या, ते चालवायला माणूस द्या आणि त्याची वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना सोरायसिस, गजकर्ण आणि इसब वेगळे ओळखण्याचं प्रशिक्षण द्या, सावळ्या त्वचेची छायाचित्रं दाखवून. आशाताईंना मी वर म्हटलेली चिठ्ठी छापून द्या. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत सोरायसिसची नोंद घ्या, आणि आमची साखर, रक्तदाब, वजन आणि मनःस्थिती तिथेच तपासा. या आजाराबरोबर मधुमेह, हृदयविकार आणि नैराश्याची जोखीम वाढते हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे.

चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणाऱ्यांवर आणि स्टिरॉइडच्या पुड्या वाटणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाबरोबर मिळून कारवाई करा, आणि ती झाली हे जाहीर करा. गंभीर रुग्णांची बायोलॉजिक इंजेक्शनं आणि सांध्यांचे उपचार जन आरोग्य योजनेत आणण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमा. त्या समितीवर एक तरी रुग्ण घ्या.

यातलं काय मान्य आहे, काय नाही, आणि जे मान्य आहे ते कोणत्या महिन्यापर्यंत होईल, हे लेखी आणि जाहीर कळवावं. आमच्या जिल्ह्यापुरतं म्हणाल तर सगळ्यात आधी डॉक्टर हवेत. थंडी सुरू व्हायच्या आत.

आपली विश्वासू,
सोरायसिसची एक रुग्ण,
शिवणकाम, मराठवाडा